पांढरा सदरा

कॅमेऱ्याला पांढरं सोसत नाही,
म्हणून दर बुधवारी दुपारी
मी ऑर्व्हिलचे सदरे चहात बुडवते.
फिलाडेल्फिया, स्टुडिओ दोन. दिवे म्हणजे भट्टी.

आठला वॉल्ट्झ. सगळं थेट.
दुसऱ्याच गिरकीला
लॉरेटाच्या बुटाची टाच निखळली;
उरलेला नाच तिनं चवड्यावर तोलून नेला,
हसत.
कॅमेरामननं चौकट गुपचूप कमरेवर उचलली.
मग जादूगार, मग साबणाची जाहिरात.

आमच्या गल्लीत टीव्ही एकच, मिसेस ड्वोरॅककडे.
जिन्यातच अडवून म्हणाल्या,
"काय शुभ्र गं तो सदरा! कशानं धुतेस?"

मी साबणाचं नाव सांगितलं.

टाच अजून माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे,
आणि नखांत चहा.