रात्री दोनचे तीनशे फेरे

काचेची नळी मी खिडकीशी धरते.
तळाला तांबडा थर बसलाय,
वरचं पाणी पेंढ्यासारखं पिवळसर हवं होतं.
ते गुलाबी आहे.
भिजत घातलेल्या सोलांचं पहिलं पाणी,
नारळाचा रस घालायच्या आधीचं, तसं.

बांबोळी. अतिदक्षता विभाग. पहाटेचे साडेपाच.
उत्तम चोडणकर, वय एकोणपन्नास, बार्जवरचा तांडेल,
याचं हृदय सहा दिवस विसाव्याला टाकलंय
आणि त्याच्या जागी माझ्या गुडघ्याशी
मुठीएवढा पंप फिरतोय.

तांबडी पेशी तशी चिवट.
स्वतःहून अरुंद वाटेतून जाते,
अंग चोरून, घडी घालून,
शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
डोक्यावरच्या टोपलीसकट बाई जाते तशी.
वाकायला ती भीत नाही.
पण इथे एका बाजूला भिंत थांबलेली,
दुसऱ्या बाजूला पातं पळतंय,
आणि मधल्या केसभर फटीत
तिचा एक काठ मागे राहतो, एक पुढे ओढला जातो.
ती लांबते, उकड्या तांदळाच्या शितासारखी.
कातडीला बारीक भोकं पडतात.
सुटली तर पुन्हा गोल होते,
आणि मिनिटाभरात पुन्हा येते.
पुन्हा.
ओढ किती आणि किती वेळ,
दोन्हींचा हिशेब तिच्याच अंगावर.
यंत्राच्या पडद्यावर फक्त फेरे दिसतात, आणि लिटर.

बावीस वर्षं उत्तमने खनिज वाहिलं,
डिचोलीकडच्या धक्क्यावरून मुरगावपर्यंत.
लोह बार्जच्या पोटात असेतो माल.
काठावरून सांडलं की नदी तांबडी,
आणि खालच्या शेतांत गाळ.
आता हे त्याच्याच आत चाललंय.
पिशवीतलं मूत्र रात्रभरात
बिनदुधाच्या चहासारखं झालं.
मूत्रपिंडांच्या चाळण्यांत काय बसतंय
ते मला न विचारता कळतं.

शांबा, त्याचा धाकटा भाऊ,
रासयच्या यार्डात बोटींचे पंखे घासतो.
पाच मिनिटं आत सोडला होता.
भावाच्या तोंडाकडे त्याने पाहिलंच नाही
(कदाचित धीर झाला नसेल),
पाहिलं ते नळीकडे.
नळी थरथरत होती.
"पंख्याक उदक पावना गो," म्हणाला.
मग मोबाइलवर एक पितळी पातं दाखवलं,
देवीचे वण असावेत तसं खड्ड्याखड्ड्यांचं.
"हें मिठान खाल्लें न्हय. बुडबुड्यांनीं खाल्लें."
पाणी तुटलं की पंखा पोकळी चावतो,
आणि खलाशाला वाटतं, जोर कमी पडला.

मी हे शिकले होते.
परीक्षेत लिहून त्याचे गुण घेतले होते.
आणि रात्री दोनला प्रवाह उतरला तेव्हा
मीच चाक फिरवलं होतं,
तीन हजारांवरून तीन हजार तीनशे.
प्रवाह पाच मिनिटं चढला. मी चहा प्यायला गेले.

डॉक्टर मिनेझिसना फोन केला.
फेरे खाली, एकोणतीसशेवर.
सलाइनची एक बाटली, सावकाश.
नळी निवळली, झोपल्या साप्यासारखी पडून राहिली.
आणि लिटर कमी झाले नाहीत,
थोडे वाढलेच.

दुपारी पुन्हा नळी धरली,
मागे पांढरी पट्टी धरून.
गुलाबी आहे. कमी गुलाबी?
सकाळचा उजेड वेगळा होता, सांगता येत नाही.

बाहेर बाकावर शांबा बसलाय,
नखांत पितळेची भुकटी.
"कितलें केलें?" तो विचारतो.
आकडा सांगते. तो मान हलवतो,
यार्डात कुणाचं काम पसंत पडल्यावर हलवत असेल तशी.

आत येऊन मी वही उघडते.
रात्री दोनच्या ओळीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात,
जागा कोरी आहे.
तिथे मी माझं नाव लिहिते, पूर्ण,
वडिलांच्या नावासकट.