सर्क्लिप

जोडणी दाखवायची तर आधी मोडावी लागते,
हे मला पॉलिटेक्निकात कुणी सांगितलं नव्हतं.
अख्खी गिअरपेटी पडद्यावर घ्यायची,
एकेक भाग माउसनं धरून त्याच्या अक्षावर मागं ओढायचा,
झाकण वर, शाफ्ट डावीकडं, बेअरिंगं त्यामागोमाग,
बोल्ट पार कडेला, लग्नात उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखे,
आणि मग काळ उलटा सोडायचा.
सगळे निमूट घरी येतात.

हिंगण्याच्या एमआयडीसीत, पत्र्याखालच्या केबिनमध्ये
मे महिन्यात हे काम माझ्याकडं आलं:
कापसाच्या जिनिंग मशीनची गिअरपेटी,
त्रेसष्ट भाग, चाळीस सेकंद.
पार्श्वभूमी पांढरी ठेव, धोटे सर म्हणाले, आणि लोगो फिरता.
कूलरचा पंप मधूनच कोरडा खाकरायचा.
मी उठून बादलीभर पाणी ओतायचे,
परत येऊन शाफ्ट दोन मिलिमीटर सरकवायचे.

आठव्या सेकंदाला चावी खाचेत बसते.
अकराव्याला बेअरिंग शाफ्टवर चढतं,
मनगटात सैल बांगडी जावी तसं.
खरं तर तिथलं माप घट्ट आहे.
सॉफ्टवेअर लाल होऊन ओरडलं होतं,
हा भाग त्या भागात घुसतोय म्हणून.
मी ती तपासणीच बंद केली.

शालिकरामजी सोनकुसरे जेवणाच्या सुट्टीत आले.
एकतीस वर्षं फिटर, डबा काखेत,
नखांना ग्रीसची काळी किनार.
"पुन्हा लाव," म्हणाले. पुन्हा लावलं.
"काहून बाई, हे बेअरिंग कोन बसवून रायलं?"
कोणी नाही, म्हटलं, आपोआप.
"बेस हाये."

तिसऱ्यांदा पाहताना बोलले नाहीत.
त्यांचा उजवा हात मात्र टेबलावर ठोके देत होता,
प्रत्येक भागाला एक,
बेअरिंगला तीन, मध्ये थांबून, जणू आवाज ऐकत,
माझ्या वेळेच्या जरासा मागून.

चौतिसाव्या सेकंदाला सर्क्लिप आली,
तोंड उघडं असलेलं बारीकसं कडं,
सरळ रेषेत तरंगत, आणि खाचेत टक्.
तेव्हा ते हसले. खोकला येईपर्यंत हसले.

"सर्क्लिप अशी नाही येत बाप्पा. सर्क्लिप उडते.
पक्कड सटकली का गेली टण्णकन.
मंग काम बंद, चौघं जन भुईवर,
एकाच्या हातात चुंबक, बाकीच्यायच्या तोंडात शिव्या.
अमरनगरच्या जुन्या शेडात एक उडाली होती,
माह्या पोराच्या बारशाच्या दिवशी.
घरी पोचलो तं नाव ठेवून झालं होतं.
पोरगं आता पुन्याले हाये.
थे काही सापडली नाही अजून."

मग डबा उघडला, झुणक्यातली अर्धी मिरची
न विचारता माझ्या झाकणावर ठेवली.

संध्याकाळी चाळीस सेकंद सरांना पाठवले.
मंजूर झाले. लोगो थोडा मोठा कर, एवढंच.

दुसरी प्रत माझ्याकडं आहे.
तिच्यात चौतिसाव्या सेकंदाला सर्क्लिप खाचेपाशी येते,
थरथरते, आणि चौकटीच्या उजव्या कडेनं निघून जाते.
कॅमेरा तिच्यामागं वळत नाही.
झाकण अर्ध्यावर, सहा बोल्ट हवेत,
काय करावं कुणालाच कळत नाही.
असे नऊ सेकंद ठेवलेत मी.
त्यात काहीच घडत नाही,
तरी संगणक पहाटेपर्यंत ते रंगवत बसला,
दोनशे पंचवीस चौकटी, एकसारख्या, एकेक करून.

मग ती येते. डावीकडून.
कुठून फिरून आली ते दाखवलेलं नाही.
कडेला फक्त थोडा कापूस चिकटवलाय.