परतीची केबल

वखारीत तंबाखू राहिली नाही, वास राहिलाय.
निपाणीच्या या सौहार्द सोसायटीनं भिंतींना तीनदा चुना दिला,
एसी बसवला, काचेचं दार केलं,
तरी रॅकचा पत्रा उघडला की पहिली शिंक बसलिंगची,
दुसरी माझी.

पाच स्विच, एकावर एक,
जेवणाच्या डब्याचे पुडे असावेत तसे.
फक्त कडी नाही. कडी आम्ही घालायची,
मागच्या बाजूनं, आडवं होऊन, तोंडात टॉर्च धरून.
वरच्याचं दोन नंबरचं तोंड खालच्याच्या एकात,
त्याचं दोन त्याच्या खालच्याच्या एकात.
अर्ध्या मीटरची केबल, करंगळीहून जाड,
फार वाकवली की रुसते.
टक् वाजलं नाही तर बसलीच नाही समजायचं.
प्रत्येक टक्‌ला बसलिंग म्हणतो, "आतु."
मी वहीत बरोबरची खूण करतो.

चार झाल्या. पाचवी राहिली,
तळातून परत माथ्याला जाणारी.
ती मीटरभर लागते,
आणि खोक्यातून पाचही निघाल्या अर्ध्याच्या.

"चालतंय की तसंच," कित्तूरसाहेब म्हणाले,
"दिवे हिरवे आहेत."
दिवे हिरवेच असतात हो.
पण ही सरळ दोरी झाली. मधली एक निसटली
की वरचे तिघं एकीकडं, खालचे दोघं एकीकडं,
आणि दोन्हीकडचे म्हणणार, घर आमचंच.
पत्ता एकच, सांगणारे दोन.
पैसे भरायला आलेल्या बाईची पावती
कुठल्या दारात जाऊन उभी राहणार?
साहेबांनी चष्मा पुसला. "मागवा मग."

केबल कोल्हापुरात होती. चाळीस किलोमीटर.
नोव्हेंबर चालू होता आणि एस्ट्या बंद.
इकडं एका गाडीला काळं फासलं होतं,
तिकडं दुसरीला.
दुकानातला इलाही फोनवर म्हणाला,
"कोगनोळीपर्यंत आणतो बघ, पुढचं तुझं तू."

नाक्याच्या अलीकडं बॅरिकेड, पलीकडं बॅरिकेड,
मधे शे-दीडशे पावलं मोकळा हमरस्ता.
त्यावर एक कुत्रं निवांत पाय ताणून झोपलेलं.
इलाही तिकडून चालत आला, मी इकडून.
हवालदारानं पिशवी उघडली. "एन्री इदु?"
मग माझं तोंड बघून, "काय आहे हे?"
काळी, जाड, दोन्ही टोकांना चपटे दात.
वायर म्हटलं तर दचकेल म्हणून म्हटलं,
मशीन मशीनला जोडायची पट्टी.
"किती लांब?"
"एक मीटर."
"एवढ्यासाठी?"
"होय की. एवढंच कमी पडायलंय."
त्यानं ती हातावर तोलली, आणि परत दिली.
कुत्र्याला वळसा घालून मी गाडीकडं आलो.

रात्री साडेआठला शेवटचं टक्.
बसलिंग "आतु" म्हणाला नाही, नुसता बघत राहिला.
सगळे बंद केले, सगळे एकदम चालू केले.
आता यांच्यातला म्होरक्या कोण, ते यांनीच ठरवायचं.
प्राधान्य लिहायचं मी विसरलो होतो,
मग नियम असा: सगळे सारखे, तर ज्याचा पत्ता लहान तो.
म्होरक्या झाला तळातला,
गळतग्याच्या बंद शाखेतून आणलेला, कोपरा चेपलेला.
साहेबांना नवा हवा होता.
"बदलता येतंय का?"
येतंय साहेब. पण आज नको.

मग बसलिंगनं माझ्याकडं न बघता
मधली केबल उपसली.
लॅपटॉपवर ओळी पडत होत्या, एकाखाली एक,
एक ओळ चुकली,
पुढची आली. त्याच्या पुढचीही.
खालचे दोघं लांबच्या वाटेनं बोलायला लागले होते.
त्यानं केबल परत खोचली.
"आतु," आता म्हणाला, आणि शिंकला.

सकाळी काउंटरला तुळसाबाई घेवारी,
बिडीच्या आठवड्याचे तीनशे चाळीस.
पासबुक करकरत बाहेर आलं,
त्यांनी आकडा बोटानं दाबून पाहिला,
शाई ओली होती, बोटाला लागली.

उरलेली अर्ध्या मीटरची
तागडीच्या जुन्या आकड्याला टांगलीय,
जिथं एकेकाळी तंबाखूची बोदं लटकायची.
कोणी विचारलं तर बसलिंग सांगतो,
चांगली आहे ती.
पुरली नाही, इतकंच.