अकरा टक्के

आधी काटा डावीकडे झुकला.
एवढंच.
इंजिनाचा सूर तोच, पंखा तोच,
फक्त करंट मोजणारा तो छोटा काटा
शून्य ओलांडून पलीकडे जाऊन बसला,
जेवणावर रुसलेल्या माणसासारखा.

खाली कुस्कोक्विम गोठलेली. बाहेर उणे अठ्ठावीस.
मागे टपालाच्या नऊ पिशव्या, डायपरची खोकी,
कुणाच्या तरी बर्फगाडीचा पट्टा.
शेजारी इव्हान निकोलाय, वय चौदा,
बेथेलला दाढ काढून घरी निघालेला,
अर्धं तोंड बधिर, गालात कापूस.

अल्टरनेटर बंद केला, चालू केला. एकदाच.
ब्रेकर आत ढकलला. एकदाच.
दुसऱ्यांदा ढकलायचा नसतो.
तो उगाच बाहेर येत नाही,
आणि इतक्या वर धुराशी वाद घालायला जागा नसते.

मग एकेक मालवत गेले.
दुसरा रेडिओ. लुकलुकणारा दिवा. नळीचा हीटर.
प्रत्येक बटणाला मनात विचारलं,
तुझ्यावाचून अडतं का?
बहुतेकांवाचून अडत नव्हतं.
(हे कुणी आधी शिकवलं असतं
तर घटस्फोट चार वर्षं लवकर झाला असता.)

इव्हान माझ्याकडे बघत होता. बोलता येईना त्याला.
म्हटलं, इंजिनाला बॅटरी लागत नाही,
त्याच्या पोटात त्याची स्वतःची ठिणगी असते,
मॅग्नेटो म्हणतात. फिरतंय तोवर पेटतंय.
त्याने मान हलवली,
गणित न कळलेली मुलं हलवतात तशी.

मागे बेथेलवर धुकं बसलेलं.
पुढे गाव, तीनशे माणसं, एक धावपट्टी,
आणि धावपट्टीचे दिवे झोपलेले.
ते रेडिओने उठतात:
माइकचं बटण तीनदा दाबायचं,
की पाव तास जागे राहतात.
बॅटरीचा शेवटचा घोट त्यासाठी राखला होता.
खिडक्यांचे ठिपके दिसायला लागले.
एक.
दोन.
तिसऱ्या वेळी बटणाखाली काहीच नव्हतं.

पॅनेल काळं झालं.
इंधनाचे दोन्ही काटे कोसळले, टाकी रिकामी म्हणाले.
खोटं.
निघताना मी काठी बुडवून मापलं होतं.
त्या रात्री काठीवर विश्वास ठेवला.

इव्हानने फोन काढला. अकरा टक्के.
एका हाताने वेगाच्या घड्याळावर उजेड धरला,
दुसऱ्याने गाल.
"इथेच," मी म्हटलं. "हलवू नकोस."

गावावर घिरट्या.
पंख्याचा आवाज चढवला, उतरवला, चढवला.
हिल्डा वासिली टपालासाठी थांबलेली असणार, नेहमीसारखी.
तिला आवाज आला, दिवा नाही आला.
तिच्या मनात काय आलं, तिलाच माहीत.
पट्टीच्या अलीकडच्या टोकाला
तिच्या बर्फगाडीचा उजेड येऊन थांबला.

एका दिव्याला दिशा नसते.
तो कुणाची चूल असू शकतो, बर्फाला भोक पाडून
मासे धरत बसलेल्याचा कंदील असू शकतो.
मी आणखी एक फेरी मारली, शिव्या देत,
मोठ्याने, पोरासमोर.
तेवढ्यात कुणीतरी दुसरं,
कोण ते आजवर कळलं नाही,
अंधारातून सुसाट पलीकडच्या टोकाला गेलं
आणि वळून उभं राहिलं.

दोन दिवे. रेघ झाली.

फ्लॅप विजेवरचे, तेही गेलेले,
म्हणून वेग जास्त, उतार लांबलचक.
जमीन यायला तयार नाही, तयार नाही,
मग एकदम आली:
बर्फाची कोरडी खरड,
आणि समोरचा दिवा मोठा, आणखी मोठा होत
घाईघाईने बाजूला झाला.

इंधन तोडलं. किल्ली फिरवली.
ठिणगीही थांबली.
इतकी शांतता की हिल्डाच्या हाकेआधी
तिच्या बुटांखालचा बर्फ ऐकू आला.

इव्हान कापसातून काहीतरी म्हणाला.
"काय?"
पुन्हा म्हणाला. पुन्हा नाही कळलं.

फोनवर चार टक्के.
वेगाचा काटा शून्यावर.
तो अजून उजेड धरून होता.