तासाला सदतीस

कायानीच्या इस्पितळातली नर्स कागद आमच्याकडे फिरवून म्हणाली,
तासाला सदतीस वेळा.
रेइयो खुर्चीत अवघडून बसलेला, टोपी गुडघ्यावर,
जणू कुणी चोरीचा आळ घेतला होता.
मी म्हटलं, चाळीस तरी असतील.
मी मोजलेत.

सव्वीस वर्षं मोजलेत.
आधी घोरणं,
उणे तिसात लाकडाचा ट्रक चालू होता होत नाही तसं,
मग एकदम काहीच नाही.
त्या काहीच-नाहीत मी आकडे म्हणत पडून राहायचे:
बाराला कोपर,
पंधराला त्याच्या खांद्यावर हात,
विसाला देव, जो मला तसा ओझरताच ओळखतो.
मग बुडता माणूस वर यावा तसा तो वर यायचा,
कूस बदलायचा,
आणि सकाळी पावाला लोणी लावता लावता सांगायचा,
मेल्यासारखा झोपलो होतो.

हो.

सुओमुस्साल्मीच्या रस्त्यावर भर दुपारी त्याचा डोळा लागला,
मागे बेचाळीस टन पाइन.
रेनडिअर बाजूला झालं, बर्फाच्या ढिगानं ट्रक झेलला.
एवढंच, असं तो म्हणतो.
लायसन्स परत हवं तर रोज रात्री निदान चार तास मुखवटा.
यंत्रात एक चिप आहे. ती भिडेखातर काही लिहीत नाही.

पहिल्या रात्री त्यानं पंधरा मिनिटांत ओरबाडून काढला.
म्हणाला, धावत्या गाडीतून डोकं बाहेर काढल्यासारखं वाटतं,
कुत्र्यांना यात काय मजा येते कोण जाणे.
दुसऱ्या रात्री कडेनं हवा निसटत राहिली,
दाढीतून, शीळ घालत.
तिसऱ्या दिवशी दाढी गेली.
अठ्ठ्याऐंशी सालानंतर पहिल्यांदा मी त्याची हनुवटी पाहिली:
लहानशी, त्याच्या आईची.
मी काही बोलले नाही. तो मात्र दिवसभर मफलर गुंडाळून घरात फिरला.

नाकावर लाल वळ उठला तो सौनातही दिसायचा.
वेइक्कोनं विचारलं, इर्मेलीनं मारलं की काय?
हवेनं, रेइयो म्हणाला,
आणि तापल्या दगडांवर इतकं पाणी ओतलं
की वेइक्कोला बाहेर पळावं लागलं.

आता तो झोपतो.
चार तास, मग सहा, परवा सात.
नळी दोघांमध्ये पडलेली, कोमट,
आणि एकसारखी हवा, न अडकणारी, न बुडणारी.
माझ्याच डोळ्याला डोळा नाही.
बारापर्यंत मोजते, कोपर तयार असतं,
त्याला करायला काही काम नसतं.
पेन्शनीत निघालेल्या माणसानं
पहाटे पाचला उठून बूट घालावेत, तसं.

जानेवारीत वादळानं तारा तोडल्या.
हिरवा आकडा विझला, हवा थांबली,
आणि मी काही करायच्या आत रेइयोच उठून बसला.
अंधारात पट्टे सोडवल्याचा आवाज.
इर्मेली, जागी आहेस?
मी म्हटलं, मोजत होते.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
सगळ्याच रात्री?
मी म्हटलं, ख्रिसमसला एकदा विसरले होते.

तो हसला नाही.
उशी घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला,
जाड मोजे चढवले, म्हणाला,
वीज येईपर्यंत मी झोपत नाही. तू झोप.

जाग आली तेव्हा घड्याळ शून्य शून्य दाखवत उघडमीट करत होतं.
तो खुर्चीतच, हनुवटी उघडी,
मांडीवर मुखवटा पालथा.
तू घोरतेस, म्हणाला.
हलकंच. किटली उकळायच्या आधी करते तसं.
किती वेळा, मी विचारलं.
मोजलं नाही, तो म्हणाला,
नुसता ऐकत बसलो,
आणि टाकीत भरायचं पाणी संपलंय,
पेट्रोलपंपावर जायला हवं.