सातवं कुलूप

तीन नंबर रिअॅक्टरच्या स्विचला संध्याकाळी सात कुलपं होती.
फिटरचं, वेल्डरचं, इलेक्ट्रिशियन मुनीरचं,
मॅनहोलच्या तोंडाशी दोर धरून बसणाऱ्याचंसुद्धा.
ज्याचं कुलूप, त्याच्याच खिशात किल्ली
आणि सातही निघेपर्यंत आतलं पातं फिरत नाही.
एवढाच नियम. पाचवीतल्या पोराला कळेल असा.

रात्री साडेबारापर्यंत सहा निघाली.
सातवं तिथंच. लाल.
त्यावर पांढऱ्या पेंटनं, वाकड्या अक्षरात : कडूबा.

कडूबा कॅन्टीनमध्ये नव्हता, कूलिंग टॉवरमागं नव्हता.
गेटच्या रजिस्टरात आत आल्याची सही,
बाहेर गेल्याची जागा कोरी.
फोन बंद.
मी बॅटरी घेऊन मॅनहोलमधून पाहिलं :
स्टीलची भिंत, पात्याचे तीन हात, तळाशी पुसून राहिलेला ओलावा.
पुन्हा पाहिलं. पात्याखाली सावली पडते
आणि रात्रपाळीत सावलीला
माणसाएवढं व्हायला वेळ लागत नाही.

मुळे साहेब म्हणाले, कटर आणा.
म्हणाले, बॅच थांबली की तासाला किती जातात, माहितीय?
माहिती होतं. तो आकडा पॅनेलशेजारी चिकटवलेलाच आहे.
मुनीरनं कटर आणला, टेबलावर ठेवला,
आणि हात पाठीमागं घेऊन उभा राहिला.
मी म्हणालो, राहू द्या.

आमचे आबा विहिरींना सुरुंग लावायचे,
लासूरपासून पार वैजापूरच्या शिवारापर्यंत, काळ्या पाषाणात.
वात पेटवायच्या आधी काठावरून तीनदा हाळी,
‘बार हाये रे, बार हाये, लांब व्हा!’
बाया जनावरं ओढून न्यायच्या, आम्ही पोरं बांधाआड.
मग आबा मोजायचे. एकेक बोट मिटत.

एकदा होल भरले सात, आवाज आले सहा.
विहिरीचा मालक म्हणाला, उतरा की आता,
माणसं फुकट बसू राहिली.
आबा उतरले नाहीत. कुणाला उतरू दिलं नाही.
दिवस मावळला, तरी काठावरच.
आईनं भाकरी माझ्या हाती धाडली.
मी विचारलं, कामून बसले तुम्ही?
म्हणाले, एक बाकी हाये.

सकाळी उतरून पाहिलं तर सातही फुटलेले.
दोन बार एकदम उडाले होते,
दोन आवाजांचा एकच झाला होता.
लोक हसले. मालकानं दिवसाची मजुरी कापली.
आबांनी तंबाखू मळली, पहारी मोजून गाडीत टाकल्या.
मी मुद्दाम त्यांचं तोंड बघत होतो.
ओशाळलेले नव्हते.

पावणेपाचला गेटवर मोटारसायकल थांबली.
कडूबा. गंगापूरहून.
मेव्हण्याच्या पोरीची हळद होती,
मागच्या गेटानं भंगाराच्या टेम्पोत बसून गेला होता.
कानामागं पिवळं, मनगटावर पिवळं,
शर्टाच्या वरच्या खिशातली किल्लीसुद्धा पिवळी.
‘चुकलं बगा,’ एवढंच म्हणाला.
मग उघड्या मॅनहोलकडं त्याचं लक्ष गेलं,
टेबलावरच्या कटरकडं गेलं,
आणि त्यानंतर किल्ली दोनदा
कुलपाच्या भोकाला चुकली.

आत कुणी नव्हतं,
हे साडेबारालाही खरंच होतं.
मला पावणेपाचला कळलं.

पातं फिरू लागलं. जमिनीतून पायाला ती घरघर लागली,
नेहमीचीच, पण मी थोडा वेळ उभा राहिलो.

रिपोर्टात वाया गेलेला वेळ : चार तास, पंधरा मिनिटं.
कारणाच्या रकान्यात दीड ओळ जागा असते.
मी लिहिलं, एक बाकी होतं.
मुळे साहेबांनी ते खोडलं,
वर लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’.

खोडलेलं अजून वाचता येतं.