अर्कसेनाला कोणी मारलं

डोमा शेंडे म्हणतो, पुलानं.
"काचेच्या पुलावरून जाते का कोनी?
काठाले डोंगा बांधून होता.
डोंगेवाल्याले इचारलन असतं
त आज जिता असता."
डोमा चाळीस वर्षं इटियाडोहात जाळं टाकतोय,
पुलांबद्दल त्याचं मत आधीपासूनच वाईट.

रेवनाथ लोहार तलवारीवर शब्द येऊ देत नाही.
"लोखंड खरं होतं. पानी कोनं पाजलन, ते सांगा."
ते पुस्तकात नाही, म्हटलं
तर म्हणतो, मंग पुस्तकातच खोट आहे.

फुलवंता म्हणते, बहिणीनं.
ताईत उजव्या हाताचा, बांधला डाव्या.
हे ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा
तिची धाकटी बहीण गिरजा समोर पानं मोजत होती,
सत्तरला थांबायचं ते ऐंशीवर गेली.
नवतपा संपेस्तोवर दोघी बोलल्या नाहीत.

सुकरू गायकी घोड्याची बाजू घेतो:
"जनावर थांबलं होतं ना बाप्पा,
तीन डाव मान हलवलन.
टाच कोनं मारलन?"

तीस वर्षं झाली.
मी तेव्हा आठवी पास.
मोहाखाली मांडव, पहाटे रानातून आणलेले पानांचे भारे,
बाया पुडके बांधायच्या, वाकाची गाठ दातानं ओढून,
आणि मी मोठ्यानं वाचायचो,
कारण माझ्या बोटांनी बांधलेला पुडका
फळीवर पोचेपर्यंत सुटायचा.
पुस्तक मामानं गोंदियाच्या रद्दीतून उचललेलं,
चारही भाग एकाच दाभणानं शिवलेले.
मिठाचा राजा. सात तोंडांचा वारा.
नीलांग घोडा, ज्याची सावली
त्याच्या एक पाऊल पुढं चालायची.
फळीमुन्शी तीन कोसांवरून सायकल हाणत यायचा,
हिशेबाची वही मांडीवर बंद ठेवून ऐकायचा.

तीनशे बाराव्या पानावर
अर्कसेन पुलाच्या मध्यावर आला
आणि पुढं वाळवी.
म्हणजे पुढं काही नव्हतंच,
मातीची एक वेडीवाकडी रेघ, आणि पुठ्ठा.

दहा पावलं उरली होती.
नेऊ शकलो असतो मी त्याला पार.
पण आदल्या सांजेला
मुन्शीनं आईचे अकरा पुडके
कच्ची पानं म्हणून पायानं बाजूला सारले होते
आणि आई काही बोलली नव्हती,
नुसती वाकून ते गोळा करत राहिली
शेवटचा सापडेपर्यंत.

मी पुठ्ठ्याकडं बघत वाचलं:
काच तडकली.
वाचलं: नीलांग काठावर उभा राहिला,
आणि त्याची सावली एकटीच पलीकडं गेली.
हे शेवटचं कुठून सुचलं, मला अजून माहीत नाही.

कोणी हललं नाही.
गिरजाच्या दातातली वाक तशीच दातात.
मुन्शीनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला,
पुन्हा घातला, पुन्हा काढला.
मला बरं वाटलं.
मग जेवताना घास उतरेना.

दुसऱ्या दुपारपासून पंचाईत बसली ती अजून उठलेली नाही.
मुन्शी आता दम्यानं खाटेवर असतो.
भेटलो की विचारतो,
"त्या रोजी मी मांगून आलो, परसराम.
मधातलं काही माझ्याकून सुटलं काय?"
त्या दिवशी सगळ्यांत आधी आला होता तो.

आई या वादात कधी पडली नाही.
या दिवाळीला सुपात तांदूळ घेऊन बसली होती,
मी बाजूला, तिचा चष्मा दुरुस्त करत.
म्हणाली,
"पुठ्ठ्यावर लय बारीक लिवलं होतं का रे?"

माझ्या हातातला स्क्रू कुठं पडला कळलं नाही.
हो, म्हटलं.

तिनं एक खडा वेचला, उजेडात धरून पाहिला,
अंगणात टाकला.
"मुन्शीले नोको सांगू," म्हणाली,
"म्हातारा झाला आता."